दाढ ठेवायची की काढायची

गेल्या महिन्यात माझी खालच्या जबड्यातील डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ काढली. दाढ काढणे ही काही मोठी शस्त्रक्रिया नव्हे, हे मलाही ठाऊक आहे. तरीही ती काढायची की ठेवायची हे ठरवण्यात जे तीन आठवडे गेले, त्यांत आमच्या डॉक्टरांनी मला निर्णयात ज्या रीतीने सामील करून घेतले, ते लिहून ठेवावेसे वाटते.

ही दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. एकही दुधाचा दात न पाडता ती सगळ्यांच्या मागे उगवते, म्हणून ती दुधाचीच असावी असे समजून अनेक घरांत तिच्याकडे दुर्लक्ष होते. माझी दाढ ५१ वर्षे माझ्या सोबत होती. बारा वर्षांपूर्वी कीड आतल्या नसेपर्यंत पोहोचल्यामुळे तिचे रूट कॅनाल, म्हणजे आतली नस काढून मुळांच्या पोकळ्या भरणे, करावे लागले. त्यावर कॅप बसवून घ्या, असे त्या वेळी स्पष्ट सांगितले गेले होते, आणि मी ते आज-उद्या करत पुढे ढकलले. रूट कॅनालसाठी आतून कोरलेल्या दाढेच्या भिंती पातळ होतात आणि चावण्याच्या जोराने त्या फाकण्याची भीती राहते. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव जे काम करते, तेच काम दाढेसाठी कॅप करते. हे मला आता नीट समजले आहे.

फेब्रुवारीत भाजलेले चणे खाताना त्या बाजूला अचानक कळ आली. पुढे ठणका राहिला नाही, पण दाढेच्या मुळापाशी हिरडीवर एक पुटकुळी येऊ लागली, जी फुटायची, बरी व्हायची आणि पुन्हा यायची. आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतो. रावपुऱ्यातील ज्या दवाखान्यात मी गेलो, तेथील डॉक्टर तरुण गुजराती बाई आहेत. त्यांनी तपासणीआधी विचारले, "काका, दाढ राखवी छे के कढाववी छे?" दाढ हा शब्द दोन्ही भाषांत एकच असल्याने प्रश्न समजायला अडचण नव्हती; अडचण उत्तराची होती. आमच्या पिढीच्या सवयीप्रमाणे मी म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." त्यावर त्या म्हणाल्या की हाड किती उरले आहे आणि चीर कुठवर गेली आहे हे पाहणे त्यांचे काम, परंतु मी कोणत्या बाजूने चावतो, किती वेळा येऊ शकेन आणि कशाची भीती वाटते, हे माझ्याखेरीज कोणी सांगू शकणार नाही.

तपासणी बारकाईने झाली. हिरडी आणि दात यांच्यामधील खोली त्यांनी बारीक सळईने दाढेभोवती सहा ठिकाणी मोजली. पाच ठिकाणी ती २ ते ३ मिलिमीटर, म्हणजे निरोगी होती. मागच्या मुळापाशी एकाच अरुंद जागी सळई एकदम ८ मिलिमीटर आत गेली. हिरडीच्या आजारात खोली बहुधा रुंद पट्ट्यात वाढते, अशी एकाच रेषेत ती खाली उतरली की मुळाला उभी चीर असल्याचा संशय येतो, असे त्यांनी सांगितले. एक्स-रेमध्ये त्याच मुळाभोवती काळी छाया दिसत होती, पण चीर दिसत नव्हती. त्रिमितीय स्कॅन काढला तरी मुळांत भरलेल्या द्रव्यामुळे प्रतिमेवर रेघा उमटतात आणि बारीक चीर त्यांत लपू शकते, म्हणून त्या खर्चाचा त्यांनी आग्रह धरला नाही.

मग पर्याय समोर आले. पुन्हा रूट कॅनाल करून कॅप बसवणे. दाढ मधोमध कापून केवळ खराब मूळ काढणे आणि उरलेला अर्धा भाग शेजारच्या दाताशी जोडणे. संपूर्ण दाढ काढणे. आणि काहीच न करणे. शेवटच्या पर्यायावर त्या सर्वांत जास्त बोलल्या, कारण दुखत नाही म्हणून लोक तोच निवडतात आणि तेवढ्या काळात जंतुसंसर्ग भोवतालचे हाड खात राहतो. गोळ्यांनी सूज तात्पुरती उतरते; दाढेच्या आत रक्तपुरवठाच उरलेला नसल्याने औषध मुळाशी पोहोचत नाही.

माझी भीती निराळी होती. आईचे बहुतेक दात पन्नाशीच्या आत काढले गेले होते, "त्रास देतो ना, मग काढून टाका" एवढ्याच विचाराने. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत जाते. तिची खालची कवळी कधीच नीट बसली नाही, आणि शेवटची दहा वर्षे तिने भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. माझ्या उजव्या बाजूची वरची एक दाढ आधीच गेलेली असल्याने डावी बाजूच माझी चावण्याची बाजू होती. हे मी सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतले. मला त्याचे फार बरे वाटले.

अखेर आम्ही असे ठरवले: आधी जुने सिमेंट काढून दाढ आतून पाहायची. चीर एका भिंतीपुरती असेल तर दाढ वाचवण्याचा प्रयत्न करायचा, ती तळातून आरपार गेली असेल तर त्याच बैठकीत काढायची. मी हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी घेतो. ती आपल्या मनाने बंद करायची नाही, असे बजावून त्यांनी माझ्या हृदयतज्ज्ञांशी स्वतः बोलून घेतले.

गुरुवारी सकाळी जबडा बधिर करून त्यांनी दाढ उघडली आणि आत निळा रंग सोडला. तो धुतल्यावर तळावर पुढून मागे जाणारी एक निळी रेघ उरली. त्यांनी हात थांबवला, छायाचित्र काढून पडद्यावर मला दाखवले आणि पुन्हा विचारले. अशा चिरेवर कॅप बसवली तरी जंतू खाली उतरतच राहणार होते, आणि अर्धी दाढ ठेवण्याचा मार्गही त्या रेघेने बंद केला होता, कारण ती पुढच्या मुळापर्यंत पोहोचली होती. "काढा," असे मी म्हणालो. दोन्ही मुळे वेगवेगळी करून काढल्याने हाडाला इजा कमी झाली. पाऊण तास कापूस दाबून धरणे आणि दिवसभर चूळ न भरणे, न थुंकणे एवढेच पथ्य होते. जखमेतील रक्ताची गाठ सुटली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाड उघडे पडून असह्य वेदना होतात. मला तसे काही झाले नाही.

आता त्या जागी सुमारे तीन महिन्यांत हाड भरेल, मग पुन्हा एक्स-रे काढायचा आहे. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकलेला कृत्रिम दात, बसवायचा तर ते दोन्ही दात घासावे लागतील, आणि ते दोन्ही अजून धडधाकट आहेत; म्हणून माझा कल इम्प्लांटकडे, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर दात बसवण्याकडे आहे. त्याआधी उरलेल्या दातांपैकी आणखी एकाचे रूट कॅनाल झालेले आहे, त्यावर कॅप बसवून घेण्यासाठी येत्या सोमवारची वेळ घेतली आहे.