मादलेन व्हिओनेचा अंगठा

दादरला संध्याकाळी माझी इंग्रजीची वरच्या पातळीची बॅच असते. ऑफिस सुटल्यावर थेट लोकलने येणारे, परदेशातल्या नोकरीसाठी परीक्षा देणाऱ्या नर्स, कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली मुलं, आणि हिंदमाताजवळ लेडीज टेलरिंगचं काम करणाऱ्या एक ताई. या पातळीपर्यंत आलेल्या माणसाचं रोजच्या बोलण्यात काही अडत नाही. अडतं ते लांब वाक्य वाचताना. कुठली गोष्ट आधी घडली, ती कोणी केली, लिहिणाऱ्याने काय म्हटलंय आणि त्यात आपण आपलं काय मिसळलंय, इथे चांगले चांगले घसरतात. म्हणून उतारे मी स्वतः जुळवते, आणि परीक्षेत येतात तसे प्रश्न त्याखाली घालते.

त्या दिवशीचा उतारा फॅशनच्या इतिहासावर होता, मादलेन व्हिओने या फ्रेंच ड्रेसमेकरबद्दल. जन्म 1876चा. लहानपणीच शाळा सुटली आणि शिवणाच्या कामाला लागली. 1912 साली पॅरिसमध्ये स्वतःचं दुकान काढलं. कॉर्सेटने, म्हणजे कंबर घट्ट आवळणाऱ्या आतल्या चोळीने, आवळलेल्या बाईच्या अंगावर कपडा चढवायचा, ही त्या काळची रीत. व्हिओनेने कॉर्सेट बाजूला ठेवलं आणि कापड उरेप, म्हणजे धाग्यांना तिरकं, कापून पूर्ण पोशाख शिवायला सुरुवात केली. आधी एका छोट्या लाकडी पुतळीवर कापड गुंडाळून, टाचण्या लावून बघायचं, मग मोठ्या मापात उतरवायचं, अशी तिची पद्धत होती.

उताऱ्यातलं एक वाक्य मी मुद्दाम अवघड ठेवलं होतं: ‘द हेम वॉज नॉट लेव्हल्ड अनटिल द ड्रेस हॅड हंग ओव्हरनाइट.’ प्रश्न साधा होता, आधी काय झालं? निम्म्याहून जास्त वर्गाने लिहिलं की आधी खालचा घेर सारखा केला, मग ड्रेस टांगला. वाक्यात घेर आधी आलाय ना! पास्ट परफेक्टचा, म्हणजे ‘हॅड हंग’सारखं रूप आधी घडलेली गोष्ट सांगतं हा, नियम सगळ्यांना पाठ होता, विचारला असता तर धडाधड सांगितला असता. पण वाक्य वाचताना डोळा धावतो तो शब्दांच्या क्रमाने.

ताईंचं उत्तर बरोबर होतं. एरवी व्याकरणाच्या तासाला त्या शेवटच्या बाकावर गप्प बसतात. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “मॅडम, दुसरं असूच शकत नाही. अंब्रेला कुर्ता शिवला की आम्ही रात्रभर हँगरला लावून ठेवतो. सकाळी बघा, उरेप भाग खाली उतरलेला असतो. मग खालून कापून सारखा करायचा. आधीच केला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं.”

उरेप म्हणजे काय हे वर्गातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. ताईंनी पर्समधला सुती रुमाल काढला आणि पुढे आल्या. आधी रुमालाची एक कड दोन टोकांना धरून ताणली. काही नाही, कापड जसंच्या तसं. मग समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढलं. रुमाल लांबला आणि मध्ये चिंचोळा झाला. “उभा धागा, आडवा धागा,” त्या बोटाने दाखवत होत्या. “यांच्या दिशेने ओढलं तर धागा हटत नाही. तिरकं ओढलं की त्यांच्यामधली चौकट कलते. म्हणून उरेप कापड अंगावर बसतं. आम्ही गळ्याला उरेप पट्टी लावतो ती त्याच्यासाठीच. गळा गोल असतो, सरळ पट्टी वळत नाही.” मागच्या दोन मुली आपापल्या ओढण्या काढून ताणून बघायला लागल्या. मी पाच मिनिटं फळ्याकडे गेलेच नाही.

त्यानंतर ‘नॉट अनटिल’ची दहा वाक्यं करून घेतली आणि एकही चुकलं नाही. आधी काय, नंतर काय हे डोळ्यांसमोर असलं की क्रियापदाचं रूप आपोआप जागेवर येतं, असं माझं ठाम मत आहे. नियम आधी आणि उदाहरण मागून, ही आपल्याकडची सवय या पातळीला फारशी कामाची नाही.

पुढचा प्रश्न अनुमानाचा होता. व्हिओने नेहमीपेक्षा मोठ्या पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड खास मागवून घ्यायची, ते कशासाठी? उत्तर उताऱ्यात उघड लिहिलेलं नव्हतं. ताईंनी लगेच सांगितलं, उरेप कापायला कापड जास्त लागतं आणि पन्हा लहान असला की जोड द्यावा लागतो. त्यांना उतारा वाचावाही लागला नसता. मी त्यांना उताऱ्यातली तशी सुचवणारी ओळ शोधायला लावली. परीक्षक आपल्या अनुभवाला मार्क देत नाही, ओळीला देतो.

आणि मग अंगठ्याचा प्रश्न आला. व्हिओनेच्या कपड्यांच्या लेबलवर तिच्या अंगठ्याचा ठसा असायचा. प्रश्न: का? चार पर्याय होते आणि त्यातला एक, तिला लिहिता येत नव्हतं म्हणून. वर्गातल्या बहुतेकांनी हाच निवडला. एक नर्स म्हणाली, “मॅडम, शाळा लवकर सुटली असं वर लिहिलंय. आमच्याकडे संमतीपत्रावर सही न येणाऱ्यांचा अंगठाच घेतो. शाई पुसायला कापूस मीच देते.” तिचा तर्क मला चुकीचा वाटला नाही. आपल्या देशात अंगठा बघितला की दुसरा अर्थ मनात येतच नाही. पण उताऱ्यात पुढचं वाक्य होतं की तिच्या डिझाइनच्या सर्रास नकला होत आणि नकला करणाऱ्यांना तिने कोर्टात खेचलं. ठसा होता तो माल अस्सल असल्याची खूण म्हणून. वाचणाऱ्याने स्वतःच्या घरातून आणलेला अर्थ उताऱ्यातल्या अर्थाच्या जागी कसा बसतो, हे इतकं स्वच्छ मला आधी कधी दाखवता आलं नव्हतं.

ताई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझी आई रेशनच्या दुकानात अंगठा लावायची. आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना, बघून. आणि ही बाई स्वतःच्या हाताने हजारो रुपयांच्या कपड्यावर लावते.” थोडं थांबून त्या नकलांवर आल्या. नवा बॅक डिझाइनचा ब्लाउज काढला की आठवड्यात शेजारच्या दुकानाबाहेर तसाच टांगलेला असतो. कोर्टाचं नाव कोण काढणार? व्हिओनेने आपल्या कामगारांना पगारी रजा, कँटीन आणि डॉक्टरची सोय दिली होती, हे वाक्यही त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

तास संपता संपता त्यांनी विचारलं, आपल्याकडचं काही नाही का, साडी-ब्लाउजवर? मी ज्ञानदानंदिनी देवींबद्दल सांगितलं. त्यांचे पती सत्येंद्रनाथ टागोर आयसीएसमधले, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी सेवेतले, पहिले भारतीय. त्यांच्या नोकरीमुळे 1860च्या दशकात त्या मुंबईत आल्या. इथल्या पारशी बायकांची साडी नेसण्याची पद्धत त्यांनी बघितली, आपल्या सोयीने बदलून घेतली, आत ब्लाउज आणि परकर घालायला लागल्या आणि बंगालमध्ये इतर बायकांना ती शिकवली. वर्ग चकित झाला. बंगालच्या पोशाखाच्या इतिहासात आपली मुंबई आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. ताईंना मी यावर एक परिच्छेद लिहायला सांगितला, कर्मणी प्रयोगाची निदान तीन वाक्यं घालून.

पुढच्या तासाला त्यांनी तो आणला. ‘द ब्लाउज वॉज स्टिच्ड’ इथवर ठीक होतं, पुढे त्यांनी ‘बाय अ टेलर’ जोडलं होतं. शिवणारा शिंपीच असणार, म्हणून इंग्रजीत तिथे कर्ता गाळतात, हे मी समजावलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “कळलं मॅडम. परीक्षेत गाळीन. इथे राहू द्या.” मी तिथे लाल पेन लावलं नाही.