विकलेल्या फेरीला निरोप देताना

फेरी, म्हणजे प्रवासी आणि गाड्या नेणारी बोट, परदेशी विकली गेली की तिला दोनदा निरोप द्यावा लागतो. पहिला शेवटच्या प्रवासी खेपेला. त्या दिवशी धक्का गजबजलेला असतो, पताका लावलेल्या असतात, सगळ्यांना वेळ ठाऊक असते. दुसरा निरोप त्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी येतो. धुराड्यावरचं बोधचिन्ह रंगाखाली गेलेलं असतं, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, वेगळंच नाव असतं, आत एकही प्रवासी नसतो आणि दोर सोडणारे खलाशीही नवे असतात. या दुसऱ्या जाण्याची वेळ कुणी जाहीर करत नाही, म्हणून ते बहुतेकांचं हुकतं. खरं जाणं मात्र तेच. हे टिपण मुख्यतः त्या दिवसासाठी आहे.

सगळ्यात आधी वहीत जहाजाचा आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा) क्रमांक लिहून घ्या. हा सात आकडी असतो. मालक, नाव, झेंडा, नोंदणीचं बंदर यांतलं सगळं बदललं तरी जहाज तुटेपर्यंत हा बदलत नाही. १०० ग्रॉस टन आणि त्याहून मोठ्या प्रवासी जहाजांना १ जानेवारी १९९६पासून तो बंधनकारक आहे. बाहेरून रंगवलेले आकडे किमान २०० मिलिमीटर उंचीचे असावे लागतात, त्यामुळे साध्या दुर्बिणीतून धक्क्यावरून वाचता येतात. प्रवासी जहाजांवर तो आकाशातून दिसेल असा आडव्या पृष्ठभागावरही लिहिलेला असतो. उतरवून घेताना चूक झाली का, हे तपासायची सोपी रीत आहे. पहिल्या सहा आकड्यांना क्रमाने ७, ६, ५, ४, ३, २ने गुणा आणि बेरीज करा. बेरजेचा शेवटचा आकडा म्हणजे क्रमांकाचा सातवा आकडा. ९०७४७२९ घ्या: ६३, ०, ३५, १६, २१, ४. बेरीज १३९, शेवटी ९. जुळलं.

हा क्रमांक हाताशी नसला की माग काढताना हमखास फसगत होते. जहाजाची ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप कळवणाऱ्या एआयएस यंत्रणेत ओळख म्हणून जातो तो नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक, आणि तो झेंड्याशी बांधलेला असतो. फिनलंडचा झेंडा असताना तो २३०ने सुरू होतो, इटलीचा झेंडा लागला की २४७ने. झेंडा बदलला की माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर जुनी रेघ तिथंच थांबते आणि बोट नाहीशी झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती नव्या एमएमएसआयने, कदाचित त्याच धक्क्यावरून, नवी रेघ काढत असते. यंत्रातलं नावही माणसाने हाताने भरलेलं असतं, म्हणून नाळेवर नवं नाव रंगवल्यावर पडद्यावर काही दिवस जुनंच दिसू शकतं. नावाने शोधू नका, आयएमओ क्रमांकाने शोधा. आणि हे संदेश पकडणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रांची पोच व्हीएचएफ रेडिओइतकीच, साधारण २० ते ४० सागरी मैलांची. त्यापुढे उपग्रहाच्या नोंदी मिळाल्या तर मिळाल्या. नाहीतर पुढच्या किनाऱ्याजवळ ती पुन्हा उगवेपर्यंत धीर धरायचा.

आता तारखेबद्दल. वर्तमानपत्रात आलेल्या तारखेवर विसंबून सुट्टी काढू नका. विक्रीच्या करारात साधारणपणे १० टक्के रक्कम आधी ठेव म्हणून जमा होते. उरलेली रक्कम आणि ताबापत्रावरच्या सह्या एकाच वेळी होतात, आणि त्यासाठी दोन देशांतल्या बँका नि जहाज नोंदणी कार्यालयं त्या घडीला उघडी असावी लागतात. त्यात पाणबुडे तळ तपासतात, एखादी खोट निघाली तर वर्गीकरण संस्थेचा, म्हणजे जहाज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा, माणूस येऊन ती दुरुस्त झाल्याचं पाहतो, टाकीत उरलेलं इंधन मोजून त्याचे पैसे वेगळे चुकते होतात. नव्या खलाशांचा व्हिसा अडकला तरी बोट बसून राहते. आडोशाच्या पाण्यासाठी बांधलेली फेरी खुल्या समुद्रातून न्यायची असली तर त्या एका खेपेपुरती वेगळी परवानगी लागते आणि तिच्यात बहुधा हवामानाची अट असते. खालच्या खिडक्यांवर लोखंडी पत्रे ठोकलेले, गाड्यांच्या डेकची उघडी तोंडं बंद केलेली दिसली की ओळखावं: ही लांब जाणार.

म्हणून तारखेपेक्षा बोटीकडे बघायला शिकलं पाहिजे. महिनोन् महिने नुसत्या बांधून ठेवलेल्या फेरीतून जनरेटरचा पातळ धूर येत राहतो, त्यात काही विशेष नाही. मुख्य इंजिनाच्या नळकांड्यातून पहिल्यांदा काळपट भपकारा येतो तेव्हा चाचणी चाललेली असते; अजून दिवस-दोन दिवस आहेत. इंधनाची बार्ज बाजूला लागली की प्रकरण जवळ आलं. एआयएसच्या गंतव्य रकान्यात नवं बंदर दिसलं की आणखी जवळ. शेवटच्या तासाभराच्या खुणा वेगळ्या. रडारचे हात फिरू लागतात, बंदराचा वाटाड्या म्हणजे पायलट चढतो, जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटी म्हणजे टग येऊन थांबतात, शिडी वर घेतात, आणि बोट लांब बसणार म्हणून दुप्पट बांधलेले दोर एकेक करून कमी करत पुढे-मागे मोजकेच ठेवतात. दोर कमी होऊ लागले की चहा प्यायला जाऊ नका.

रिकामी फेरी नेहमीसारखी दिसत नाही, हे फोटो काढताना लक्षात ठेवावं. गाड्या नाहीत, प्रवासी नाहीत, म्हणून ती पाण्यावर उंच बसते. नाळेखालचा फुगवटा उघडा पडतो, मागची बाजू किंचित दबलेली असते, एरवी पाण्याखाली असणारा लाल रंगाचा पट्टा दिसतो. सर्वात मोलाचा फोटो मात्र नावाचा. बऱ्याच जहाजांवर नावाच्या अक्षरांची कड वेल्डिंगच्या रेघेने उठवलेली असते आणि नुसत्या रंगाने ती जात नाही. दुपारच्या समोरच्या उन्हात काहीच दिसणार नाही. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन पोलादावर तिरपं पडतं, तेव्हा नव्या नावाखालून जुनं नाव वर येतं. नाळेच्या दोन्ही बाजूंना आणि मागे नोंदणीच्या बंदराच्या नावाशीही हे पाहावं. बोट चालू लागल्यावर लांब भिंगाने टिपायचं असेल तर शटर १/५०० सेकंदाच्या खाली नेऊ नका. शक्य असेल तर एका चौकटीत तिचा जुना धक्का आणि नवं नाव दोन्ही येतील अशी जागा शोधा. तो फोटो पुन्हा कधीच मिळत नाही.

भोंग्याचं ध्वनिमुद्रण बहुतेकांचं बिघडतं, आणि ते टाळता येण्यासारखं आहे. निरोपाचा रिवाज म्हणजे तीन लांब भोंगे. लांब म्हणजे नियमाप्रमाणे ४ ते ६ सेकंदांचा. तीन आखूड भोंगे वेगळे, ते ‘मागे जातोय’ असं सांगतात, त्यांना निरोप समजू नये. २०० मीटर आणि त्याहून लांब जहाजाच्या भोंग्याचा मूळ स्वर ७० ते २०० हर्ट्झमध्ये असतो, ७५ ते २०० मीटरच्या जहाजाचा १३० ते ३५० हर्ट्झमध्ये. वाऱ्याचा आवाज कमी करायला रेकॉर्डरवर जी खालचे स्वर कापणारी गाळणी असते, ती नेमका हाच स्वर खाते. ती बंद ठेवा आणि वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी घाला. आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोयही बंद करा. तिच्यामुळे पहिला भोंगा फाटतो, पुढचे दबतात आणि लांबून आलेलं उत्तर ऐकूच येत नाही. पातळी हाताने, भरपूर जागा ठेवून लावा. एक किलोमीटरवरून आवाज पोचायला जवळपास ३ सेकंद लागतात, म्हणून धुराड्याजवळ वाफेचा किंवा हवेचा फवारा दिसेनासा झाला तरी रेकॉर्डिंग थांबवू नका. शेवटच्या भोंग्यानंतर निदान मिनिटभर काही बोलू नका. किनाऱ्यावरून परतणारा प्रतिध्वनी त्यातच असतो.

भोंगा वाजवायची विनंती करायची तर ती आधी, जहाजाच्या स्थानिक एजंटमार्फत, लेखी करावी. काही बंदरांत विनाकारण भोंगा वाजवायला मनाई असते, आणि शेवटचा शब्द कप्तानाचा. व्हीएचएफवर, त्यातही चॅनेल १६वर, अशी विनंती अजिबात करू नये. ती वाहिनी संकटासाठी आणि हाक देण्यासाठी आहे. छोट्या होडीतून सोबत जायची हौस असेल तर दूर राहा. रिकाम्या फेरीची उंच भिंत वारा धरते, तिला सरळ राहायला वेग आणि मोकळं पाणी लागतं. अरुंद वाटेत २० मीटरहून लहान होडीने तिच्या आड येऊ नये असा नियमच आहे. टगचा दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत तर कुणीही थांबू नये. तुटला तर तो चाबकासारखा मागे येतो.

आठवण म्हणून बोटीवरची घंटा मिळावी, असं संग्रहालयांना आणि मंडळांना वाटतंच. पण विचारणा बहुधा उशिरा होते. जहाजविक्रीच्या प्रचलित नमुना करारानुसार बोटीवर जे आहे ते, वापरात असो वा नसो, बोटीबरोबर जातं. विकणाऱ्याला आपलं नाव किंवा झेंडा असलेली ताटं, कपबशा, चादरी असल्या वस्तू काढून घेता येतात. घंटा हवी असेल तर वगळलेल्या वस्तूंच्या यादीत ती सह्या होण्याआधी आली पाहिजे, आणि तिच्या जागी दुसरी घंटा द्यावी लागेल, कारण २० मीटरहून लांब जहाजावर घंटा असणं सागरी नियमांत आवश्यक आहे. बांधणाऱ्या गोदीची पाटी काढून आणण्याच्या मी विरोधात आहे. ती त्या बोटीची जन्मखूण आहे, तिच्याबरोबरच जावी. तिचा नीट फोटो पुरेसा आहे. आणि भिंतीवरच्या फळ्या उचकटायचा मोह तर टाळाच. २००२च्या आधीच्या बोटींत त्यांच्यामागे अॅसबेस्टॉस असू शकतं.

आतल्या नोंदी मात्र शेवटच्या प्रवासी खेपेआधीच उरका, तेही गर्दी नसलेल्या एखाद्या साध्या खेपेला. उजव्या बाजूने पुढे जायचं, डाव्या बाजूने मागे यायचं, प्रत्येक दालनाचे चारही कोपऱ्यांतून फोटो. जिन्याचे कठडे, दिशादर्शक पाट्या, भिंतीवरचा सुरक्षा आराखडा, आसनांचं कापड, गाड्यांच्या डेकवरच्या रंगवलेल्या रेघा. नवा मालक पहिल्या ड्रायडॉकमध्ये, म्हणजे कोरड्या गोदीत, हेच सगळं आधी काढतो. उद्घोषणा आणि इंजिनाची थरथर वेगवेगळ्या मजल्यांवर दोन-दोन मिनिटं ध्वनिमुद्रित करा.

नवं नाव पाहून ती तोडणीला चालली की कामाला, हे ओळखता येतं असं पुष्कळ जण मानतात. नाव रंगाचे दोन हात मारून तोकडं केलं असेल तर भंगारात, असा ठोकताळा. न्यूझीलंडची ‘अराहुरा’ २०१५ साली ‘अहुरा’ होऊन गुजरातमधल्या अलंगला तोडणीसाठी गेली, तिथं तो खरा ठरला. पण मेलबर्नहून टास्मानियाला जाणारी पहिली ‘स्पिरिट ऑफ टास्मानिया’ विकली गेल्यावर नुसती ‘स्पिर’ होऊन निघाली आणि नॉर्वेत पुन्हा कामाला लागली. उलट १९७७ची ‘फिनजेट’, गॅस टर्बाइनवर ३० नॉटहून जास्त वेगाने धावलेली, ‘दा विंची’ असं भारदस्त नाव लावूनही २००८ साली अलंगच्या किनाऱ्यावर पोचली. नावावरून निष्कर्ष काढून कुणाला रडवू नये. नव्या झेंड्याचा देश, विमा, वर्गीकरण संस्था टिकून आहे का, आणि बोटीच्या बाजूला मध्यावर असलेली लोडलाइनची, म्हणजे किती खोल बुडायची मुभा आहे ते दाखवणारी, अक्षरं पुन्हा रंगवली आहेत का, हे पाहिलं तर जास्त कळतं.

कामाला गेलेल्या बोटी लांब जगतात. वायकिंग लाइनची १९८०ची ‘रोझेला’ २०२३ साली ग्रीसला गेली आणि ‘अॅनेमोस’ झाली. १९८८ साली स्प्लिटमध्ये बांधलेली ‘अमोरेला’ सारं आयुष्य बाल्टिकमध्ये घालवून २०२२ साली ‘मेगा व्हिक्टोरिया’ या नावाने भूमध्य समुद्रात परतली. स्कॉटलंडच्या बेटांसाठी १९७४ साली बांधलेली ‘सुइल्व्हन’ आधी न्यूझीलंड आणि मग फिजी इतकी दूर गेली. नव्या ठिकाणी बोटीचं शरीरही बदलतं. ग्रीक बेटांवर बोट पाठ लावून, नांगर टाकून धक्क्याला उभी राहते, म्हणून मागचा रॅम्प थेट धक्क्यावर टेकेल असा करावा लागतो. वरच्या डेकवर सावलीची छपरं येतात. कधी स्थैर्यासाठी बाजूंना पोकळ पोलादी फुगे जोडतात.

वर खोल्या वाढवल्या की मात्र चिंता करावी. जपानमध्ये १९९४ साली बांधलेली ‘फेरी नामिनोउए’ २०१२ साली दक्षिण कोरियाला विकली गेली, तिच्या वरच्या मजल्यांवर खोल्या वाढवल्या, गुरुत्वमध्य वर सरकला. त्यावर मर्यादेबाहेर माल चढवला आणि तोल सांभाळणारं पाणी कमी ठेवलं. १६ एप्रिल २०१४ रोजी ती ‘सेवोल’ या नावाने उलटली आणि ३०४ माणसं गेली. म्हणून जुन्या बोटीचे नवे फोटो कुणी पाठवले तर आधी वरचे मजले मोजा, पाण्याची रेषा बघा, मग रंगाबद्दल बोला.

फोटोखाली ओळ लिहिताना क्रम असा ठेवा: आयएमओ क्रमांक, त्या दिवशी नाळेवर असलेलं नाव, आधीचं नाव, झेंडा, ठिकाण, तारीख, वेळ. ‘शेवटचा फोटो’ असं लिहू नका. पुढच्या बंदरात तिची वाट पाहणारं कुणीतरी याच क्रमांकाखाली पहिला फोटो लावणार असतं.