आमची वाटचाल : कल्लू, चाळणी आणि पितळेचे बुश

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शिरल्यावर पत्र्यावर गारा पडल्यासारखा एकसुरी आवाज कानावर आला की समजा, आमची शेड जवळ आली. शेजाऱ्यांना त्याची इतकी सवय झालीय की मशीन बंद पडलं तर तेच डोकावून विचारतात, "आज काय झालं हो?"

काम सांगायला सोपं आहे. बेळगावात फौंड्र्या आणि मशीन शॉप भरपूर. तिथं तयार झालेले सुटे भाग आमच्याकडं येतात. कडांना बर असते, म्हणजे कापताना राहिलेली धातूची खरखरीत धार, अंगाला कटिंग ऑइल चिकटलेलं असतं, पावसाळ्यात गंजाचे डागही असतात. ते घासून, धुऊन, सुकवून आम्ही चलनासकट परत पाठवतो. ज्यानं घासतो त्याला कॅटलॉगमध्ये टंबलिंग मीडिया म्हणतात, कोल्हापूरकडची गिऱ्हाइकं चिप्स म्हणतात आणि आमच्याकडची कानडी पोरं सरळ 'कल्लू' म्हणतात. कल्लू म्हणजे दगड. आता मीही तेच म्हणतो.

मी मूळचा कानस मारणारा. एका हायड्रॉलिक युनिटमध्ये दिवसभर व्हॉल्व्हच्या बॉडीची बर काढत बसायचो. संध्याकाळी जेवायला बसलो की घास उचलताना बोटं थरथरायची. हे काम मशीन करतं हे कळल्यावर नोकरी सोडली आणि फॅब्रिकेशनवाल्या मित्राकडून आठ कोनी पिंप करून घेतलं. आतून जुन्या कन्व्हेयर बेल्टचं रबर, बाहेरून गिअर बॉक्स, मिनिटाला पंचवीसेक फेरे. भाग आणि कल्लू मिळून निम्म्यापेक्षा थोडं जास्त भरायचं, म्हणजे वरचा थर सतत घसरत राहतो. खरी घासणी त्या घसरणाऱ्या थरातच होते, हे कळायला मला सहा महिने लागले. तोवर जास्त माल उरकायच्या नादात पिंप गच्च भरायचो. आतलं काही हलायचं नाही आणि मी मोटरला दोष द्यायचो.

पहिला कल्लू खरोखरच दगड होता. खानापूरकडं मलप्रभेच्या पात्रातून गोटे वेचून आणले, चाळले आणि पिंपात टाकले. फुकटचा माल! दोन दिवसांत निम्मे गोटे फुटले आणि त्यांच्या धारांनी भागांवर ओरखडे काढले. मग घरच्या भाताचं तूस वापरून बघितलं, वखारीतला भुस्साही बघितला. त्यानं तेल टिपलं जातं, बर मात्र जागची हलत नाही.

सिरॅमिक मीडियाची पहिली गोणी आणली तेव्हा तिची किंमत बघून घरात बोलणी खाल्ली. पण काम झालं. मातीत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे खरखरीत कण मिसळून भट्टीत भाजलेले ते तुकडे. तिरके कापलेले त्रिकोण असतात, तिरके कापलेले दंडगोल असतात. लोखंडी आणि बिडाच्या भागांना हेच लागतं. त्यानंतर पिंप बाजूला ठेवून व्हायब्रो घेतलं. थरथरणारा बाऊल, वरून उघडा. मशीन चालू असताना हात घालून पीस काढून बघता येतो, हे त्याचं मोठं सुख.

एक कल्लू सगळ्याला चालतो हा भ्रम ॲल्युमिनियमच्या पहिल्याच लोडनं घालवला. सिरॅमिकनं मऊ ॲल्युमिनियमवर खड्डे पाडले, कडा ठेचून टाकल्या. तिथं प्लास्टिक मीडिया लागतो. रेझिनमध्ये घासणारे कण घालून ओतलेले शंकू असतात ते, वजनाला हलके आणि अंगाला मऊ. कापणं हळू होतं पण धातू दुखावत नाही. किती भाग आणि किती कल्लू याचं मापही धातूप्रमाणे बदलतं. लोखंडाला आकारमानानं एकास तीन चालतं. पितळ, ॲल्युमिनियमला एकास पाचच्या खाली गेलो की भाग एकमेकांवर आपटून डाग पडतात.

पोलादी गोळ्यांचा मोहही मला पडला होता. एका गिऱ्हाइकानं आरशासारखी चमक मागितली. पोलादी मीडिया कापत नाही, तो पृष्ठभाग दाबून चकाकी आणतो. म्हणजे बर आधी काढलेली असायला हवी, नाहीतर ती नुसती दुमडून कडेला चिकटते आणि पुढं कधीतरी सुटते. शिवाय वजन! शंभर लिटर जागेत सिरॅमिक साधारण दीडशे किलो बसतं, पोलाद साडेचारशेच्या वर जातं. मी ते सिरॅमिकसाठी बनवलेल्या बाऊलमध्ये ओतलं. चौथ्या दिवशी बाऊलखालच्या स्प्रिंगा बसल्या. त्यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

ज्या प्रकरणानं आमचा धंदा खऱ्या अर्थानं बदलला ते व्हॉल्व्ह बॉडीचं. बॉडीत आठ मिलिमीटरची आडवी भोकं होती. आम्ही दहा मिलिमीटरचा त्रिकोणी कल्लू लावला, भोकात जायचा प्रश्नच नव्हता. सुरुवातीचे सगळे लोड व्यवस्थित गेले, गिऱ्हाईक खूश. काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. असेंब्ली झाल्यावर टेस्ट बेंचवर तेल पुढं सरकत नव्हतं. बॉडी खोलून बघितली तर आडव्या भोकाच्या पोटात आमचा कल्लू. एकाच लॉटमधल्या अकरा बॉडी निघाल्या. मी स्वतः तिथं जाऊन पितळी सळीनं एकेक कल्लू ठोकून काढला, आणि त्यांचा क्वालिटीवाला शेजारी उभा राहून एक शब्दही न बोलता बघत होता. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

चूक कुठं झाली ते परत येऊन गोणीत हात घातल्यावर कळलं. कल्लू भागाला घासतो तसा स्वतःही झिजतो. दहाचा कल्लू झिजत झिजत सातवर आला होता आणि सात मिलिमीटर आठच्या भोकात बरोबर जाऊन बसतो. आम्ही निवड केली होती नव्या कल्लूची आणि वापरत होतो जुना. रोज बघणाऱ्याच्या डोळ्याला फरक दिसत नाही, जसं घरातलं पोर वाढलेलं आईबापाला कळत नाही आणि वर्षानं आलेल्या मामाला एकदम दिसतं.

तेव्हापासून दर शनिवारी बाऊल रिकामा करून सगळा कल्लू चाळतो. चाळणीची जाळी ठरते त्या कामातल्या भोकावरून. आठच्या भोकाचं काम असेल तर नऊच्या जाळीतून जो खाली पडला तो त्या कामातून बाद. फेकत नाही, बिनभोकाच्या बिडाच्या ठोकळ्यांना तो छान चालतो. नवीन काम घेताना भागातलं सगळ्यात लहान भोक आधी मोजतो. कल्लू त्यापेक्षा स्पष्ट मोठा हवा, नाहीतर त्याच्या एक तृतीयांशापेक्षा लहान हवा. मधल्या मापाचा घेतला की दोन कल्लू शेजारी शेजारी आत शिरतात आणि एकमेकांना पाचर मारून बसतात. ती पाचर सळीनंही निघत नाही, ड्रिल लावावं लागतं.

ते गिऱ्हाईक त्यानंतर आठ महिने आलं नाही. परत आलं तेव्हा माणूस आधी चाळणी बघायला गेला.

पितळेनं वेगळाच धडा दिला. जूनमधला पाऊस, संध्याकाळी वीज गेली ती रात्रभर आली नाही. बाऊलमध्ये पितळेच्या बुशांचा, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या आखूड नळ्यांचा, लोड होता, चमक यावी म्हणून पाण्यात सायट्रिक आम्लाचं कंपाउंड, म्हणजे धुण्याचं रसायन, घातलेलं. ऑपरेटर पाणी सोडून देऊ का म्हणत होता, मीच "थांब रे, येईल वीज" म्हणत बसलो आणि मग दोघंही तसेच घरी गेलो. सकाळी बघतो तर पिवळ्या बुशांवर गुलाबी डाग, काही तर पूर्ण तांबूस. कुणीतरी मिसळलेला माल पाठवला की काय असं आधी वाटलं. दुपारी दोन बुश खिशात टाकून घरी गेलो. आई भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातानंच एक बुश उचलून तिनं खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाली, "चिंच लावून तांब्या विसरलास होय रे?"

नेमकं तेच झालं होतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात फार वेळ राहिलं की वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि तांबं तेवढं उघडं पडतं. थर पातळ होता, म्हणून साध्या साबणाच्या पाण्यात पोर्सेलीनच्या गोळ्यांबरोबर पुन्हा फिरवून बुश वाचले. आता आम्लाचं कंपाउंड असेल तर वीज जाताच आतलं पाणी सोडून द्यायचं आणि लोड साध्या पाण्यानं धुवायचा, हे मशीनवर कानडीत आणि मराठीत दोन्हीत लिहिलंय. लोखंडाला वापरलेला कल्लू पितळेला लावायचा नाही, हेही तिथंच. त्यातली लोखंडाची भुकटी पितळेवर बसते आणि दोन दिवसांनी गंजून वर येते.

सुकवणीसाठी मक्याचा दाणा काढून उरलेल्या कणसाचा भरडा वापरतो. गोकाक, बैलहोंगलकडं मका भरपूर, चुलीत जाणारी कणसं स्वस्तात मिळतील म्हणून मी एकदा ट्रॉलीभर आणून गिरणीत भरडली. नुसती धूळ! कणसाच्या आतला मऊ गाभा आणि वरचा फोलकट भाग धुळीसारखा उडतो, पाणी टिपायला आणि घासायला मधलं लाकडासारखं कडक कडं लागतं. कारखान्यात ते वेगळं काढून चाळून देतात. गिरणीवाला अजून माझ्याकडं बघून हसतो. आता तयार भरडाच आणतो. पेस्ट लावून तोच शेवटच्या चमकेलाही चालतो.

सीमेवरच्या धंद्याची एक कटकट सांगतो. आमचं निम्मं काम कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावहून येतं, म्हणजे महाराष्ट्रातून कर्नाटकात. एरवी पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल वाहून नेण्यासाठीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं, पण जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्यानं मजुरीवर काम करून घ्यायला पाठवलेला, माल दुसऱ्या राज्यातून आला तर किंमत कितीही असो, बिल हवंच. दोन क्रेट बुश स्कूटरवर आणता येतील, पण कागद ट्रकभर मालाएवढेच. नवीन गिऱ्हाईक वैतागतं, "पाहुणं, तुमच्यापेक्षा कानस मारणारा परवडला!" मग आम्ही त्याच्या माणसाला बिल काढायला शिकवतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरानं हायवे बंद झाला तेव्हा कागद सगळे तयार होते आणि तयार माल शेडमध्येच पडून होता. दमट हवेत बिडाचे भाग गंजतील म्हणून रोज भरडा बदलत बसलो.

आता नमुना घेऊन येणाऱ्यांसाठी. एकच पीस, तोही घरी पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केलेला, आणू नका. मशीनवरून उतरलेले दहा-बारा पीस, तेल आणि बर तशीच ठेवून आणा, त्यात तुमच्या मते सगळ्यात वाईट असलेले दोन तरी असू द्या. ड्रॉइंग आणा. कुठली कड धारदार राहिली पाहिजे त्यावर पेनानं खूण करा, कारण कल्लूला ती ओळखता येत नाही, तो सगळ्याच कडा गोल करतो. भोकं आम्ही मोजून घेऊ. शनिवारी येऊ नका, त्या दिवशी चाळण असते.