अबार्थ पुंटो, नोंद सातवी: मॅप रस्त्यावर की डायनोवर?

मागच्या नोंदीत मोठा इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा गार करणारा) बसवून झाला होता. त्यानंतर तीन महिने गाडी जुन्याच मॅपवर (इंजिनच्या संगणकातल्या इंधन, ठिणगी आणि टर्बोच्या दाबाच्या टेबलांवर) पळत होती, कारण माझं ठरत नव्हतं. मॅप रस्त्यावर करून घ्यायचा की डायनोवर, म्हणजे गाडी रोलरवर चढवून पॉवर मोजणाऱ्या यंत्रावर? ज्याला विचारावं तो आपली बाजू छातीठोक सांगणार. शेवटी दोन्ही केलं. खिसा रिकामा झाला, पण लॉग (सेन्सरच्या नोंदी) भरपूर जमले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: गाडी २०१६ ची, रांजणगावातून बाहेर पडलेली, म्हणजे तशी शेजारचीच. १.४ टी-जेट, कागदावर १४५ पीएस आणि २१२ एनएम. टर्बो मूळचाच आहे. बदल म्हणाल तर इंटरकूलर, इनटेक, एक पायरी थंड स्पार्क प्लग आणि डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप). कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे, पीयूसी दरवेळी पास.

डिसेंबर, रस्ता

पहाटे साडेपाचला सातारा रस्त्याच्या बाजूला एक मोकळा पट्टा गाठला. बाहेर १२ अंश. ट्यूनर डावीकडे, मांडीवर लॅपटॉप, एक्झॉस्टमध्ये हवा-इंधनाचं मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर. पोरगा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण गाडीत बसला की हुकूम त्याचाच. पहिल्याच रनला मी विचारलं, "किती झाले?" तर म्हणतो, "दादा, आकडा नंतर. आधी लॅम्डा बघू द्या."

लॅम्डा म्हणजे प्रत्यक्ष हवा-इंधन प्रमाण भागिले त्या इंधनाचं आदर्श प्रमाण, आणि हा शब्द तो मुद्दाम वापरतो. शुद्ध पेट्रोलसाठी हवा-इंधनाचं आदर्श प्रमाण १४.७, पण इ२० साठी (२० टक्के इथेनॉल) ते साधारण १३.५ वर येतं. आपल्या टाकीत आज नक्की काय आहे हे कुणाला माहीत? गेजवरचा १४.७ चा हिशोब तिथे फसवतो, लॅम्डा १ मात्र कुठल्याही पेट्रोलवर १ च. फुल थ्रॉटलला आम्ही ०.८४ च्या आसपास, म्हणजे इंधन थोडं जास्त, ठेवलं.

रस्त्यावरची पहिली अडचण उघडच आहे. तिसऱ्या गिअरमध्ये साडेसहा हजारांपर्यंत नेलं की काटा १०० च्या बराच पुढे जातो, आणि मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरसुद्धा कारला मर्यादा १०० चीच आहे. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर वरच्या आरपीएमचं ट्यूनिंग हा विषयच नाही. दुसऱ्या गिअरमध्ये छोटे रन मिळतात, पण ते इतके पटकन संपतात की टर्बो नीट भरतोय तोवर पाय उचलावा लागतो. धावपट्टी मिळाली तर गोष्ट वेगळी, पण ती काय दर रविवारी मिळते?

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. लॉगमधल्या आरपीएमवरून पॉवर काढणारी सॉफ्टवेअर असतात, ती आम्हीही वापरली. एकाच पट्ट्यावर जाताना आणि येताना मिळून १० पीएसचा फरक! मॅप तोच, पेट्रोल तेच, मधे दहा मिनिटं. घरी येऊन गणित मांडलं. आम्ही दोघे धरून गाडी साडेतेराशे किलोच्या घरात. रस्त्याला फक्त १ टक्का चढ असला, तरी ताशी १०० ला तो जवळजवळ ५ पीएस खातो आणि येताना तेवढेच परत देतो. १ टक्का चढ म्हणजे शंभर मीटरमागे एक मीटर. उभं राहून पाहिलं तर रस्ता सपाटच वाटतो.

तरी त्या तीन पहाटा वाया गेल्या नाहीत. अर्ध्या पॅडलवर सिग्नलवरून निघताना बसणारा हिसका गेला. थंड इंजिनची सुरुवात गुळगुळीत झाली. रोजच्या चालवण्यात मला सगळ्यात जास्त जाणवलेला फरक हाच, आणि तो कुठल्याही ग्राफवर दिसत नाही.

जानेवारी, डायनो

इथे एक भेद सांगतो, कारण मी स्वतः तो न विचारता पैसे भरायला निघालो होतो. साध्या इनर्शिया डायनोत जड ड्रम असतो. गाडी तो फिरवते, तो किती लवकर वेग घेतो यावरून पॉवर काढतात. रन सुरू झाला की संपेपर्यंत थांबता येत नाही. लोड देणाऱ्या डायनोत ब्रेक असतो, त्यामुळे इंजिन ३००० वर धरून ठेवता येतं, पॅडल कितीही दाबा. ट्यूनिंगला दुसराच हवा. पहिल्यावर फक्त निकाल कळतो.

आम्ही दोन तास आरपीएम धरून मॅपचा एकेक खाना भरला. कमी लोडवर इग्निशन, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, एकेक अंशाने पुढे नेत गेलो. पहिल्या तीन अंशांपर्यंत टॉर्क वाढला, चौथ्याला जागेवरच. मग तिथेच थांबायचं, पुढे नुसता धोका. जास्त लोडवर चित्र वेगळं: टॉर्क वाढायचा थांबण्याआधीच नॉक सेन्सर (मिश्रण अवेळी पेटल्याचा ठोका ऐकणारा) तक्रार करू लागला, तिसऱ्या सिलिंडरवर सर्वांत आधी. तिथून दोन अंश मागे आलो. रस्त्यावर हे करायला महिना गेला असता, कारण तिथे इंजिन एका जागी धरून ठेवायला कोण आहे?

आता आकडा. मूळ मॅपवर चाकांवर १२६, नव्यावर १५१. मी फोटो काढायला मोबाइल काढला, तोच ट्यूनरने हवेच्या दाब-तापमानाची दुरुस्ती बंद करून तोच रन पुन्हा दाखवला: १४२. यंत्र डीआयएन पद्धतीने मोजत होतं, म्हणजे १०१३ मिलिबार आणि २० अंश धरून. पुणं ५६० मीटरवर, हवेचा दाब ९५० च्या आसपास. टर्बो नसलेल्या गाडीला ती भरपाई रास्त आहे. टर्बोच्या गाडीत मात्र ईसीयू (इंजिनचा संगणक) वेस्टगेट, म्हणजे टर्बोला वळसा घालून एक्झॉस्ट सोडणारी झडप, बंद ठेवून कमी दाबाची बरीचशी भरपाई आधीच करतो, आणि वर यंत्र पुन्हा एकदा टक्के घालतं. म्हणून १५१ हा आकडा मी कुठे सांगत फिरत नाही. २५ चा फरक सांगतो, तोही "त्याच रोलरवर, त्याच दिवशी" असं जोडून.

ग्राफ फ्रेम करून लावणाऱ्यांवर माझा राग नाही, माझाही फ्रिजवर आहे.

खरा धक्का चौथ्या रनला बसला. पॉवर १५१ वरून १४० वर! मला वाटलं टर्बो गेला. ट्यूनरने शांतपणे इनटेक हवेच्या तापमानाचा कॉलम उघडला: पहिल्या रनला ३४ अंश, चौथ्याला ६१. समोरचा पंखा बंपरच्या मधोमध फुंकत होता आणि इंटरकूलरला त्यातलं फारच थोडं मिळत होतं. ईसीयूने इग्निशन मागे ओढलं, त्याचं कामच ते. पुढच्याच रनला इंटरकूलरच्या पाइपची क्लिप निसटली. मोठा फुसकारा, आणि गाडी अचानक मारुती ८००. क्लिप मीच बसवली होती, दोष कुणाला देऊ?

फेब्रुवारी, पुन्हा रस्ता

डायनोवरचा मॅप घेऊन खंबाटकी घाट. इथे वेगाची गरजच नाही, चढच लोड देतो. बाहेर २४ अंश असताना घाटभर इनटेकचं तापमान ३८ च्या वर गेलं नाही. म्हणजे इंटरकूलर निर्दोष, पंखाच दोषी.

पण घाटाने एक चूक दाखवली जी डायनोवर निसटली होती. चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पॅडल दाबलं की बूस्ट (टर्बोचा दाब) क्षणभर ठरवलेल्या १.२ वरून १.३५ बारपर्यंत उडत होता. डायनोवरचे रन सगळे तिसऱ्यात झालेले. चौथ्यात इंजिन सावकाश चढतं, टर्बोला भरायला जास्त वेळ मिळतो आणि वेस्टगेट उशिरा उघडतो. ट्यूनरला लॉग पाठवला, त्याने वेस्टगेटचा टेबल कमी आरपीएमला उतरवून फाइल परत दिली. तीन फेऱ्यांत उडी १.२४ वर आली.

तर पुढच्या वेळी, टर्बो बदलला तर, मी असा क्रम धरेन: आधी लोडवाला डायनो, इग्निशनसाठी. पंखा कुठे आणि किती मोठा, हे पैसे भरण्याआधी बघायचं. मग घाट आणि शहर, बूस्ट आणि अर्ध्या पॅडलसाठी. ज्यांनी गाडीला फक्त तयार स्टेज १ फाइल (मूळ हार्डवेअरसाठी बनवलेला रेडीमेड मॅप) टाकली आहे आणि हार्डवेअरला हात लावलेला नाही, त्यांनी डायनोवर पैसे घालू नयेत असं माझं मत. चांगले लॉग काढा, बास.

बाकी आहे मे महिना. दुपारी दोनला, एसी चालू ठेवून, शहरातल्या गर्दीतून सरळ खंबाटकीला जाणार. नॉकचे दोन अंश पुरतात की अजून एक मागे घ्यावा लागतो, ते तेव्हा कळेल. क्लिप बदलली आहे, यावेळी टी-बोल्टवाली.