सूर्य खोडून काढलेली भाकरी

नाशिकला सातपूरच्या अशोकनगरात माझा दवाखाना आहे. एकच गाळा, मधे प्लायवूडचं पार्टिशन, बाहेर दोन बाकं. पेशंट म्हणजे एमआयडीसीतले कामगार आणि त्यांच्या घरची माणसं. बरीच घरं मूळची खानदेशातली, त्यामुळे बाकांवर मराठीइतकीच अहिराणी ऐकू येते. अठरा वर्षांत मी या लोकांना काय काय विचारलं असेल त्याची गणती नाही. पण ‘आपल्या दवाखान्यात तुमचं काय अडतं?’ हे कधीच विचारलं नव्हतं.

ते सुचलं भाचीमुळे. ती इंग्लंडमध्ये एका दवाखान्यात नर्स आहे. तिकडे साध्या फॅमिली डॉक्टरकडेही पेशंटचा गट असतो. वेळा, नंबर, सोयी याबद्दल तो डॉक्टरांशी बसून बोलतो. १९७२ साली एका डॉक्टरने आपल्यापुरती ही सुरुवात केली आणि एप्रिल २०१५ पासून प्रत्येक दवाखान्याच्या सरकारी करारातच ती अट आली. आपल्याकडे सरकारी दवाखान्यांना रुग्ण कल्याण समिती असते. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेखही सुरू झाली आणि जनसुनवाईत गावकऱ्यांनी आरोग्य केंद्रांना जाब विचारला. गाळ्यातल्या खासगी दवाखान्याला मात्र असं कुणी विचारत नाही. तिथे डॉक्टर म्हणेल ती पूर्व दिशा.

इथल्या कंपन्यांना सुट्टी शनिवारची असते, म्हणून एका शनिवारी दुपारी बारा-तेरा जणांना बोलावलं. चहा सांगितला. सिस्टरला वही घेऊन बसवलं आणि मी माझी खुर्ची सोडून बाकावर बसले.

पहिला अर्धा तास कुणी काही बोलेना. ‘सगळं चांगलंय मॅडम’, ‘तुमच्या हाताला गुण आहे’. समोर डॉक्टर बसलेली असताना तक्रार कोण करणार? शेवटी एका आजींनीच तोंड फोडलं. लघवीचा नमुना आणायला सांगता, पण बाईमाणसाने तो द्यायचा कुठे? आमच्या गाळ्याला संडास नाही. बिल्डिंगच्या मागे एक आहे, त्याला कुलूप असतं. आजी दर वेळी रिक्षा करून घरी जात आणि पुन्हा येत. साठ-सत्तर रुपये त्यातच जात. मी सिस्टरकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. तिला हे माहीत होतं.

मग बोलणी वाहायला लागली. रक्त घ्यायला लॅबचा मुलगा मंगळवारी सकाळी येतो, म्हणजे उपाशीपोटी साखर तपासायची तर कामावर खाडा. कंत्राटी कामगाराला खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार नाही. ‘म्हणून आम्ही रिपोर्ट लांबवतो मॅडम, आळशी नाही आम्ही,’ एक काका म्हणाले. मी त्यांच्या केस पेपरवर तीनदा लाल शाईने ‘तपासणी टाळतात’ असं लिहिलं होतं. फोनवर नंबर देण्याची सूचना आली तेव्हा दोघीतिघींनी विरोध केला: आम्हाला फोन लावून देणारं घरी कोण असतं? ती तिथेच सोडली.

सगळ्यात शेवटी कोपऱ्यातली एक बाई उठली. तिचे मिस्टर एका कारखान्यात मशीनवर आहेत, दर आठवड्याला पाळी बदलते. मधुमेहाला चार वर्षं झाली. गोळ्या माझ्याच.

‘मॅडम, रागावणार नसाल तर एक सांगू?’

तिने पर्समधून औषधाची कागदी पुडी काढली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी पुडीवर चित्र काढते: सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्रकोर. ही युक्ती मला फार आवडायची. तिच्या पुडीवरच्या माझ्या सूर्यावर निळ्या पेनाने काट मारलेली होती आणि शेजारी एक गोल काढलेला होता. गोलात चारपाच ठिपके, बाजूला एक मिरची.

‘हे काय?’

‘भाकरी.’

मग तिने सांगितलं. तिसरी, म्हणजे रात्रीची, पाळी सुटली की मिस्टर सकाळी साडेसातला घरी येतात, कोरा चहा घेतात, सूर्याची गोळी घेतात आणि झोपतात. जेवण नाही, नाश्ता नाही. झोपेपुढे भूक कुठली? अकराच्या सुमारास ही धुणं वाळत घालून आत आली, तर उशी घामाने चिंब. हाक मारली तर बरळायला लागले. डोळे उघडे, पण ओळख नाही. तिने धरून बसवलं, गिळतायत ना ते पाहिलं आणि साखरेचं पाणी थोडं थोडं पाजलं. पंधरावीस मिनिटांनी ते भानावर आले. असं तीनदा झालं. पहिल्या पाळीत नाही, दुसऱ्या पाळीत नाही, फक्त तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात. तिने मनाशी हिशेब लावला आणि तिसऱ्या पाळीत गोळी भाकरीच्या ताटाशी नेली. ते दुपारी उठतात, जेवायला बसतात, तेव्हा.

ती गोळी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. म्हणूनच ती दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणाबरोबर घ्यायची असते. उपाशी घेऊन झोपलं तर साखर ७० च्या खाली उतरू शकते, आणि झोपेत ती थरथर, तो घाम कळतही नाही. एखाद्या सकाळी ती बाई बाजारात गेलेली असती तर? अजूनही हा विचार आला की माझ्या पोटात गोळा येतो.

मी ‘नाश्त्याच्या आधी’ असं सांगितलं होतं. ते माझ्या घड्याळाप्रमाणे बरोबर होतं. दर महिन्याला मी विचारायचे, ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ आणि ते मान हलवायचे. खरंच वेळेवर घेत होते! चार वर्षांत मी त्यांना पाळी विचारली नव्हती. आणि सातवी शिकलेल्या त्या बाईने तीन झटक्यांत जे ओळखलं ते मला सांगायला ती एवढे महिने घाबरत होती, कारण डॉक्टरांची गोळी आपल्या मनाने सरकवली म्हणून मी रागवेन. माझा धाक इतका आहे, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, ‘अहो मॅडम, असं काय करता,’ आणि पदराने डोळे टिपले.

सोमवारी मिस्टरांना बोलावून त्यांची गोळी बदलली. साखर उतरली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची, आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता थेट हॉस्पिटल गाठायचं, हे दोघांनाही समजावलं. केस पेपरवर वजनाच्या शेजारी ‘कामाची पाळी’ असा रकाना आला. जुने केस पेपर काढून असे आणखी किती आहेत ते बघत बसले, तेव्हा तिसऱ्या पाळीतच गोळी घेऊन झोपणारे दोघे सापडले. लॅबचा मुलगा आता शनिवारी येतो. संडासाच्या किल्लीसाठी बिल्डिंगच्या सेक्रेटरींकडे पाच खेपा झाल्या. शेवटी आजींसह चौघी माझ्याबरोबर आल्या, तेव्हा किल्ली मिळाली. पाण्याची सोय अजून व्हायची आहे.

पुड्यांसाठी मेन रोडला भाकरीचा रबरी शिक्का करून घेतला. पुढच्या बैठकीत सगळ्यांना दाखवला. तो हातोहात फिरला आणि आजींपाशी थांबला. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाल्या, हा तर पुनवेचा चंद्र दिसतो, लोक रात्री घेतील. सिस्टरने वहीत लिहून घेतलं. नव्या शिक्क्यात भाकरीवर ठिपके आहेत, आणि बाजूला मिरची.