बाबांची हिशोबपट्टी आणि फिशरचा व्याजदर

सोमवार, रात्री

वित्तीय व्यवस्थापनाच्या तासाला आज खेळतं भांडवल संपलं. सरांनी फळ्यावर एक अट लिहिली: '२/१०, नेट ३०'. माल उचलल्यापासून दहा दिवसांत पैसे दिले तर दोन टक्के सूट, नाहीतर तिसाव्या दिवशी पूर्ण रक्कम. सूट सोडून तिसाव्या दिवशी पैसे देणाऱ्याला मधले वीस दिवस केवढ्याला पडतात? दोन भागिले अठ्ठ्याण्णव, गुणिले ३६५, भागिले वीस. उत्तर वर्षाला ३७ टक्क्यांच्या वर जातं. मागच्या बाकावरून कोणीतरी 'बाप रे' म्हणालं. दोन टक्के ऐकायला किरकोळच वाटतात.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र बाबांची हिशोबपट्टी आली. दिवाळीला घरी गेले होते तेव्हा ती देवघराच्या कोनाड्यात, उदबत्तीच्या पुड्याखाली ठेवलेली होती. पातळ गुलाबी कागद, कार्बनची निळी अक्षरं. सोयाबीन, पोती, वजन, भाव ४१५०, हमाली, तोलाई आणि सगळ्यात खाली पेनानं लिहिलेलं 'नगदी २%'. अडत्याने बाबांना सांगितलं होतं, पंधरा दिवसांनी घ्या तर पूर्ण देतो, आजच पाहिजेत तर दोन टक्के कापीन. खरं तर विकल्याच्या दिवशीच पूर्ण पैसे मिळायला हवेत, नियम तसाच आहे. पण ट्रॅक्टर उभा, मजूर सोबत, दिवस मावळायला आलेला. अशा वेळी नियम कोण काढून दाखवणार?

रूमवर आल्यावर तेच सूत्र बाबांच्या पट्टीला लावलं. वीसच्या जागी पंधरा दिवस. वर्षाला सुमारे ५० टक्के. बाबांनी स्वतःच्याच सोयाबीनचे पैसे पंधरा दिवस आधी मिळावेत म्हणून या दराने व्याज भरलं, आणि हे व्याज आहे असं घरात कोणाच्या मनातही आलं नाही. आमच्याकडे त्याला 'कापणं' म्हणतात.

मी फोन केला. बाबा, पंधरा दिवस थांबला असता तर?

"थांबलो असतो बेटा, पण मजुराईचे पैसे द्याचे होते, हरभऱ्याचं बियाणं आणाचं होतं. थे थांबतेत काय?"

मंगळवार

हमीभावाचं काय, असं मेसमध्ये एकीने विचारलं. प्रश्न बरोबर आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये आहे. बाबांना मिळालेल्या भावापेक्षा क्विंटलमागे ११७८ रुपये जास्त. पण तिथे आधी नोंदणी, मग आपला नंबर येण्याची वाट, मग ओलावा १२ टक्क्यांच्या आत, मग खात्यात पैसे जमा होण्याची वाट. यंदा पावसाने काढणीतही पाठ सोडली नाही, शेंगा ओल्याच होत्या. वाळवायला खळं लागतं, ताडपत्री लागते, माणूस लागतो आणि दिवस लागतात. ज्याला हे सगळं परवडतं त्याला हमीभाव मिळतो.

बुधवार, ग्रंथालय

व्यावसायिक अर्थशास्त्राच्या पेपरात फिशर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा सिद्धांत आहे. परीक्षेला आठ मार्कांचा प्रश्न म्हणून सगळे त्याची टिपण पाठ करतात. मी आज पहिल्यांदा तो सावकाश वाचला.

आयर्व्हिंग फिशरने १९३० मध्ये व्याजाचा जो सिद्धांत मांडला त्यातला एक भाग असा. बाजारात एकच व्याजदर असेल, त्या दराने हवं तेवढं कर्ज मिळत असेल आणि त्याच दराने पैसे ठेवता येत असतील, तर गुंतवणुकीचा निर्णय आणि खर्चाचा निर्णय एकमेकांपासून सुटे करता येतात. घरी मुलीचं लग्न असो की आजारपण, सोयाबीन आज विकायचं की फेब्रुवारीत हे फक्त भाव आणि तो एक व्याजदर बघून ठरेल. लग्नासाठी पैसे लागले तर कर्ज काढा, फेब्रुवारीत माल विका, कर्ज फेडा. गरजेचा आणि विक्रीचा संबंध तुटला.

किती सुंदर विचार आहे हा! मला हे वाचताना खरंच आनंद झाला. एखादी गोष्ट इतकी स्वच्छ मांडता येते, यासाठीच मी हा विषय घेतला. मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांचा १९५८ चा सिद्धांतही त्याच पायावर उभा आहे: भांडवल कर्जातून आणलं काय किंवा शेअरमधून आणलं काय, कंपनीचं मूल्य बदलत नाही. तिथेही साधा माणूस कंपनीच्याच दराने कर्ज काढू शकतो असं धरलेलं आहे. पुस्तकात हे गृहीतक एका ओळीत येतं आणि पान उलटतं.

मी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.

एक क्विंटल सोयाबीन, आजचा भाव ४१५०. दोघा शेतकऱ्यांना आज पैशाची गरज आहे, पण दोघांनाही माल चार महिने ठेवायचा आहे. पहिल्याने तो बाजार समितीच्या गोदामात ठेवला आणि पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेतून कर्ज उचललं. या योजनेत सोयाबीनच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के दराने १८० दिवसांसाठी मिळते. म्हणजे ३११२ रुपये हातात आणि चार महिन्यांचं व्याज ६२ रुपये. दुसऱ्याने तेवढीच रक्कम गावात शेकडा तीनने उचलली. महिन्याला तीन टक्के, चार महिन्यांचं व्याज ३७३ रुपये.

माल तोच, गरज तीच, रक्कमही तीच. पहिल्याला भाव क्विंटलमागे ६२ रुपयांनी वाढला तरी व्याज निघून येतं. दुसऱ्याला ३७३ ने वाढायला हवा, त्याच्या खाली सगळा तोटा. वजनातली तूट आणि वाहतूक मी दोघांनाही सारखीच धरून बाजूला ठेवली आहे. उद्या भाव तीनशेने चढला तर पहिला म्हणेल बरं झालं ठेवलं, दुसरा म्हणेल उगाच ठेवलं. मग गावात लोक म्हणतात, पहिल्याला बाजार कळतो.

याचा राग येतो मला. शेतकऱ्याला आर्थिक साक्षरता नाही, तो घाईने विकतो, असं सेमिनारमध्ये येणारे पाहुणे नेहमी सांगतात. बाबांच्या व्याजदराने हिशेब केला तर दिवाळीच्या आधी विकणं हाच बरोबर निर्णय निघतो. एनपीव्ही, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाचं आजचं निव्वळ मूल्य, काढून बघा.

गुरुवार

नागपूरच्या बर्डीवरून गांधीसागर तलावाच्या बाजूने आले. एम्प्रेस मिल होती तिथे आता मॉल आणि मोठ्या इमारती आहेत. भांडवल अंदाजपत्रकाच्या, म्हणजे मोठी गुंतवणूक कुठे करायची ते ठरवण्याच्या, तासाला मला हीच गिरणी आठवते. जमशेटजी टाटांनी १८७४ मध्ये पंधरा लाखांच्या भांडवलावर कंपनी काढली. मुंबई सोडून ते नागपूरला आले, कारण कापूस इथे, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वे दारात. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन घेतली आणि भर घालायला सुरुवात केली. असं सांगतात की, एका स्थानिक सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय म्हणाला. १ जानेवारी १८७७ ला गिरणी सुरू झाली, आणि पुढे त्याच सावकाराने कबूल केलं की यांनी माती टाकून सोनं काढलं.

ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात आता दुसरंच दिसतं. पैसा तीन वर्षं चिखलात पडून राहिला तरी घर चालत होतं, म्हणून तो तिथे पडू शकला. अशा पैशाला आमच्या पुस्तकात नाव आहे, दीर्घमुदतीचं भांडवल. कापूस पिकवणाऱ्याजवळ पुढच्या वेचणीपर्यंतचंसुद्धा नसतं.

शनिवार

डेरिव्हेटिव्हजचा जादा तास झाला. शेतकरी पेरणीच्या वेळीच फ्यूचर्स, म्हणजे पुढच्या तारखेचे वायदे, विकून भाव कसा बांधून घेऊ शकतो याची आकृती काढली. उदाहरण सोयाबीनचं होतं. मी हात वर करून विचारलं, सर, सोयाबीनचे फ्यूचर्स चालू आहेत का? बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये सात शेतमालांचे वायदे थांबवले, त्यात सोयाबीन आहे. सर म्हणाले, चांगला प्रश्न, पण परीक्षेसाठी आकृती लक्षात ठेव. ठेवली.

संध्याकाळी डॉ. आंबेडकरांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' पुढे वाचलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवरून आणलं होतं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी लिहिलेला हा प्रबंध १९२३ चा, आपलं नागपूर विद्यापीठ सुरू झालं त्याच वर्षीचा. पुढे भारतीय चलनासाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. इंग्रजी जड आहे, एका पानाला अर्धा तास जातो. पण प्रश्न सतत एकच: रुपयाचं मूल्य घसरलं तर कोणाला फायदा आणि कोणाच्या पगारातून? विनिमयाचा दर स्थिर ठेवण्यापेक्षा रुपयाची खरेदीशक्ती स्थिर ठेवा, कारण मजूर आपला पगार बाजारात खर्च करतो. चलनासारख्या कोरड्या विषयात त्यांना मजूर दिसत राहतो. अर्थशास्त्र असं शिकायचं, हे मी त्यांच्याकडून घेतलं.

रविवार

इतवारीची मैत्रीण जेवायला आली होती. तिच्या घरी धान्याचा ठोक व्यापार आहे. तिला मी पट्टीची गोष्ट सांगितली, तर ती चिडली नाही, पण हटलीही नाही. म्हणाली, तेलगिरणी आमच्या पप्पांना महिन्याने पैसे देते. कधी दीड महिना. शेतकऱ्याला आज द्यायचे तर पप्पा बँकेच्या सीसीतून, म्हणजे कॅश क्रेडिटच्या कर्जखात्यातून, उचलतात, त्याचं व्याज कोण भरणार? गिरणी बुडाली तर उधारी कोणाची बुडते?

तिचं म्हणणं खोटं नाही. व्यापाऱ्याचंही कार्यचक्र आहे, त्याचाही पैसा अडकतो, त्याचीही जोखीम आहे. पण तिचे पप्पा ज्या दराने बँकेतून उचलतात आणि बाबांकडून ज्या दराने कापले गेले, त्यातलं अंतर जोखमीच्या नावावर किती आणि अडलेपणाच्या नावावर किती? आम्ही दोघींनी मिळून कागदावर काढायचा प्रयत्न केला. जोखमीसाठी मोकळ्या हाताने धरलं तरी बरंच उरलं. ती कागदाकडे बघत म्हणाली, हे पप्पांना दाखवते. मला ती आवडते ती यासाठी.

पुढच्या सेमिस्टरला प्रकल्प आहे. मॅडमना विषय सांगून टाकला: शेतमाल तारण योजना आणि लहान शेतकरी. योजना १९९० पासून आहे, तरी आमच्या घरी तिचं नाव कधी ऐकलं नव्हतं, आणि आम्ही बाजारापासून काही लांब राहत नाही. गोदामात जागा दिवाळीच्या आधी मिळते की नंतर? पाच-सात पोती घेऊन गेलेल्याला उभं करतात का? कर्ज त्याच दिवशी हातात पडतं की तिथेही पंधरा दिवस? हे आकड्यांतून कळणार नाही, तिथे जाऊन बसावं लागेल.

बाबांना फोनवर सांगितलं, पुढच्या शनिवारी मी येते, आपण दोघं बाजार समितीत जाऊ, सातबारा काढून ठेवा. जानेवारीत तूर निघेल, तिच्यातली चार पोती तरी ठेवून बघू.

"चार कायले, दोन ठेवू पयले," बाबा म्हणाले. "अन् गोदामवाला काय म्हणते थे तूच इचार. तुले समजते थ्या व्याजातलं."