चावीला बांधलेला दोरा

मुलीचा वरचा जबडा अरुंद आहे, म्हणून सोलापुरातल्या आमच्या डॉक्टर मॅडमनी दातांच्या तारांच्या आधी तिच्या टाळूला एक्सपान्डर, म्हणजे जबडा हळूहळू रुंद करणारं स्क्रूचं साधन, बसवला. त्यातला स्क्रू घरी आम्हीच फिरवायचा, एका वेळी पाव वळसा. त्यानं साधारण पाव मिलिमीटर जागा होते. पण स्क्रू फिरवायची छोटी चावी त्याच्या भोकात घालून मागे, घशाच्या दिशेनंच ढकलावी लागते. ती निसटली तर कुठे जाईल, या विचारानं माझ्या पोटात गोळा आला.

मॅडमनी चावीला फ्लॉसचा (दातांच्या फटी साफ करायचा) लांब दोरा बांधून दिला. दुसरं टोक मी मनगटाला गुंडाळायची. लेकीला खिडकीशी बसवायचं, ह्यांनी मोबाईलचा टॉर्च धरायचा. पुढचं भोक पूर्ण दिसेपर्यंत चावी ढकलायची आणि मग हळूच खाली सोडवायची. सुरुवातीला लाळेनं बोटं घसरायची, म्हणून हात कोरडे करूनच हात घालायचा.

लेकीला शिकवलेली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. तोंडात काही सुटं पडलं तर बोलायचं नाही, डोकं मागे टाकायचं नाही. मान एका बाजूला वळवायची आणि थुंकायचं. दवाखान्यातही मॅडम जिभेमागे गॉझचं (जाळीदार पट्टीचं) कापड ठेवतात आणि तारेचं टोक तुकडा धरून ठेवणाऱ्या कटरनं कापतात.

कडक भाकरी आणि चिक्की तेवढी बंद केली. सोलापुरात हे लेकराला सांगणं जड जातं! तरी एका संध्याकाळी एक्सपान्डर धरून ठेवणारी दाढेवरची रिंग हलायला लागली. फोन केला तर मॅडम म्हणाल्या, "ओढू नका, पण अर्धवट सुटलेलं रात्रभर तोंडात ठेवायचंही नाही. लगेच या." गेलो, त्यांनी ती पुन्हा चिकटवून दिली.

काही गिळलंच तर काय, हेही मी तेव्हाच विचारून घेतलं. खोकला थांबत नसेल, श्वासाला घरघर असेल तर थेट हॉस्पिटल. त्रास नसला तरी उलटी करवायची नाही, फोन करून एक्स-रेचं विचारायचं. बहुतेक वस्तू शौचावाटे पडून जातात, पण टोकदार असेल तर डॉक्टरांचं लक्ष हवंच. कुणाची काढता-घालता येणारी प्लॅस्टिकची प्लेट तुटली असेल तर उरलेले तुकडे सोबत न्यायचे, कारण तिचं प्लॅस्टिक एक्स-रेत सहसा दिसत नाही आणि काय कमी आहे ते तुकडे जुळवूनच कळतं.

वळसे आता संपलेत. उघडलेल्या जागेत नवीन हाड भरेपर्यंत एक्सपान्डर तसाच राहणार आहे, म्हणून रिंग हलते का हे रोज ब्रश झाल्यावर बघते.